एका चेहऱ्याचीं शंभर चित्रें

शाळेच्या भिंतींवर थोर पुरुषांच्या तसबिरी टांगलेल्या असतात. रोज त्यांच्याखालून जातां-येतां त्या आपल्या इतक्या परिचयाच्या होतात कीं, पुढें पुढें आपण त्यांकडे पाहतच नाहीं. तसबीर शेक्सपिअरची आहे, हें आपणांस दुरूनच कळतें. तें मोठें, केशहीन कपाळ, कानांवर आलेले केंस आणि मानेभोंवतालची ती ताठ गळपट्टी पाहिली कीं झालें. परंतु ज्या कोरीव चित्रावरून जग शेक्सपिअरचा चेहरा ओळखूं लागलें, तें त्याच्या नाटकांच्या १६२३ सालच्या संग्रहाच्या आरंभीं छापलेलें आहे, आणि शेक्सपिअर वारला १६१६ सालीं. म्हणजे कवि जाऊन सात वर्षें लोटल्यावर तें चित्र वाचकांच्या हातीं आलें. तोच काय तो खरा शेक्सपिअर, असें आपण कशावरून म्हणावें? रागावलेला शेक्सपिअर, तालमीनंतर थकून बसलेला शेक्सपिअर, मुलाच्या मृत्यूनें खचलेला शेक्सपिअर, हे कोठें गेले?

प्रश्न वरवर पोरकट दिसतो. परंतु आयर्लंडांतील एका चित्रकारानें तो आयुष्याचीं तीसएक वर्षें मोठ्या गांभीर्यानें स्वतःस विचारला, आणि त्यापायीं एकेका लेखकाचीं शंभर-शंभर, कांहीं वेळां त्याहूनहि अधिक, मुखचित्रें काढलीं. त्याचें नांव लुई ले ब्रॉकी. चित्रकलेचें शिक्षण त्यानें कोणत्याहि शाळेंत घेतलें नव्हतें. त्याच्या या शिक्षणाविषयीं आणि त्या शंभर चेहऱ्यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना कांहीं सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

लुई ले ब्रॉकीचा जन्म ता. १० नोव्हेंबर १९१६ रोजीं डब्लिन शहरीं झाला. त्याच वर्षीं ईस्टरच्या आठवड्यांत त्या शहरांत इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव होऊन गेला होता. तेव्हां हें मूल आणि नवें आयर्लंड हीं एकाच वर्षाचीं म्हणावयास हरकत नाहीं. आडनांव मात्र आयरिश नव्हे. घराणें मूळचें बेल्जममधलें. घरचा धंदा तेलें शुद्ध करण्याचा होता. आई सिबिल ही लिहिणारी बाई होती. तिनें नाटकें लिहिलीं आणि ‘गलिव्हरचा प्रवास’ ज्यानें लिहिला त्या स्विफ्टच्या चरित्राचा अभ्यास करून त्यावर पुस्तकें प्रसिद्ध केलीं. लेखक हा केवळ पुस्तकाच्या पाठीवरचें नांव नसून हाडामांसाचा माणूस असतो, हें या मुलास घरांतच कळलें असलें पाहिजे.

मुलगा घरच्या धंद्यांत काम करूं लागला व त्याबरोबरच रसायनशास्त्र शिकूं लागला. प्रथम डब्लिनच्या एका तंत्रशाळेंत आणि पुढें ट्रिनिटी कॉलेजांत. तें रसायनशास्त्र अगदींच वायां गेलें असें आम्हांस वाटत नाहीं. १९४० सालीं त्यानें काढलेल्या ‘वनभोजन’ या चित्रांत मेण व राळ यांच्या मिश्रणांत कालवलेले रंग वापरलेले आहेत. तीन माणसें एकत्र बसलीं आहेत, पण कोणीच कोणाकडे पाहत नाहीं. पंचविशीच्या आंतल्या पोरानें काढलेलें तें चित्र आहे.

मग हा चित्रकला शिकला कोठें? १९३८ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें घरचा धंदा सोडला आणि तो युरोपांतलीं चित्रालयें पाहावयास निघाला. लंडनचें राष्ट्रीय चित्रालय, पॅरिसचें लूव्र, व्हेनिस आणि जिनीव्हा हेच त्याचे वर्ग, आणि भिंतींवरचे जुने चित्रकार हेच त्याचे गुरु. जिनीव्हाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्पेनमध्यें तेव्हां यादवी युद्ध पेटलें होतें. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांतलीं अमोल चित्रें बाँबपासून वांचविण्यासाठीं देशाबाहेर हलविण्यांत आलीं होतीं, व त्यांतलीं निवडक चित्रें १९३९ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हास मांडण्यांत आलीं. वेलास्केझ आणि गोया या दोघां स्पॅनिश चित्रकारांपुढें हा तरुण तेथें उभा राहिला. इकडे महायुद्धाचे ढग जमत होते. आणि एका युद्धांतून वांचून आलेलीं चित्रें दुसऱ्या युद्धाच्या उंबरठ्यावर एका नवशिक्यास धडे देत होतीं.

‘स्वयंशिक्षित’ या शब्दाचा अर्थ येथें नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आमचा एखादा विद्यार्थी म्हणेल, “ले ब्रॉकी कलाशाळेंत गेला नाहीं, मग आम्हांला तरी चित्रकलेचा तास कशाला?” त्यास आमचें उत्तर असें कीं, बाबा, जो शाळेंत गेला नाहीं, त्यानें शिक्षक मात्र शाळेपेक्षां कडक निवडले. वेलास्केझ कोणाचीहि वही तपासून ‘ठीक आहे’ असा शेरा मारीत नाहीं. त्याच्या चित्रापुढें तासन् तास उभें राहून, एखाद्या बाहीचा करडा रंग त्यानें कसा साधला हें आपलें आपणच शोधून काढावें लागतें, आणि चुकलें तर चुकलें असें सांगावयास कोणी नसतें. पालकांनाहि एक विनंती आहे. घरचा चालता धंदा सोडून जाणाऱ्या मुलाची ही गोष्ट आम्ही सांगत आहों ती तुमच्या मुलांनीं धंदे सोडावेत म्हणून नव्हे. त्यानें सोडलें तें दिसतें, पण सोडल्यावर त्यानें किती कष्ट उपसले तें सहसा दिसत नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें.

१९४० सालीं तो मायदेशीं परतला. तेथील कलाक्षेत्रांत जुन्या वळणाच्या मंडळींचें वजन मोठें होतें, आणि नव्या तऱ्हेच्या चित्रांस त्यांच्या प्रदर्शनांत जागा मिळणें कठीण. तेव्हां १९४३ सालीं कांहीं कलावंतांनीं आपलें स्वतंत्र प्रदर्शन उभें केलें. त्यांत मेनी जेलेट व एव्ही होन या चित्रकर्त्री होत्या, ले ब्रॉकी होता, आणि त्याची आईहि होती. पुढें १९४६ सालीं तो लंडनला गेला. १९५१ सालीं त्यानें ‘एक कुटुंब’ नांवाचें मोठें चित्र काढलें. सारें करड्या रंगांत. डोकें खालीं घालून बसलेला बाप, पहुडलेली आई, हातांत फुलें घेतलेलें मूल, आणि चादरीखालून बाहेर पडणारें एक मांजर. महायुद्धानंतरच्या युरोपांतलें घर असेंच दिसत असेल. कांहीं रसिकांनीं तें चित्र डब्लिनच्या नगरपालिकेच्या चित्रालयास भेट म्हणून देऊं केलें. १९५२ सालीं तेथील सल्लागार समितीनें ती भेट नाकारली. चारच वर्षांनीं, १९५६ सालीं, व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्याच चित्रास पारितोषिक मिळालें. आणि २००२ सालीं तें आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रालयांत मानानें दाखल झालें. चित्रकार तेव्हां हयात होता. फुकट नको म्हटलेलें चित्र घरीं येण्यास पन्नास वर्षें लागलीं.

आतां मुखचित्रांकडे वळूं. परंतु त्यांतील एक गोष्ट अगोदर समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे त्यांचा पांढरा रंग. १९५५ च्या सुमारास ले ब्रॉकी स्पेनमध्यें प्रवास करीत असतां एका खेड्यांत थांबला. चुन्यानें धवळलेल्या भिंतीपुढें कांहीं बायका व मुलें रणरणत्या उन्हांत उभीं होतीं. त्या प्रखर प्रकाशांत माणसें विरघळल्यासारखीं दिसत होतीं आणि त्यांच्या सांवल्याच काय त्या भरीव वाटत होत्या. आपल्याकडे वैशाखांतल्या दुपारीं चुना दिलेल्या भिंतीकडे ज्यानें पाहिलें आहे, त्यास याचा अर्थ सांगावयास नको. त्या दिवसापासून त्याच्या चित्रांतली पार्श्वभूमि पांढरी होत गेली. हा पांढरा म्हणजे रिकामी जागा नव्हे. त्यांतून माणूस बाहेर येत आहे कीं त्यांतच नाहींसा होत आहे, तें सांगतां येऊं नये, असा तो पांढरा.

१९५८ सालीं त्यानें ॲन मॅडन या चित्रकर्त्रीशीं विवाह केला व दोघें फ्रान्सच्या दक्षिण भागांत, नीस शहरामागच्या डोंगराळ मुलुखांत राहूं लागलीं. बाहेरून सारें सुखाचें. परंतु १९६३ सालीं त्याच्या हातून मनासारखें कांहींच उतरेना, आणि वर्षभरांत काढलेलीं चाळीसहून अधिक चित्रें त्यानें स्वतःच नष्ट केलीं. वहींतलें एक पान फाडतांना आपल्या जिवावर येतें. येथें एका वर्षाची कमाई गेली. नांवाजलेला चित्रकार तो, चित्रें विकतां आलीं असतीं. विकलीं नाहींत.

पुढच्याच वर्षीं तो पॅरिसच्या मानवसंग्रहालयांत गेला असतां, पॅसिफिक महासागरांतील बेटांवरून आणलेलीं कांहीं मस्तकें त्याच्या दृष्टीस पडलीं. त्या बेटांवरचे लोक आपल्या पूर्वजांच्या कवट्यांवर मातीचा लेप देऊन, त्यास चेहऱ्याचा आकार देऊन, विधिपूर्वक रंग चढवीत असत. आपणांस हें भयंकर वाटेल. ले ब्रॉकीस मात्र तेथें आपली हरवलेली वाट सांपडली. पुढें दक्षिण फ्रान्समध्यें आंत्रमों व रोकपेर्त्यूज या स्थळीं प्राचीन केल्टांच्या देवस्थानांचे अवशेष त्यानें पाहिले. तेथेंहि दगडांत कोरलेलीं मस्तकें होतीं. केल्ट म्हणजे आयरिश लोकांचे पूर्वज. माणसाचें मस्तक म्हणजे जणूं एक मंतरलेली पेटी आहे आणि तिच्या आंत त्याचा आत्मा राहतो, अशी त्या जुन्या लोकांची भावना होती, असें त्याच्या मनानें घेतलें. मग तो मस्तकेंच रंगवूं लागला. प्रथम अनामिक पूर्वजांचीं. दहा वर्षें तींच.

आणि मग १९७५ साल उजाडलें. एका स्वीडिश चित्रव्यापाऱ्यानें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या थोरांच्या चित्रांचा एक छापील संच काढण्याचें योजिलें व निरनिराळ्या चित्रकारांस एकेक असामी निवडावयास सांगितलें. ले ब्रॉकीनें आपल्या देशाचा कवि विल्यम बटलर यीट्स यास निवडलें. यीट्सला तें पारितोषिक १९२३ सालीं मिळालें होतें, आणि १९३९ सालीं तो वारला होता, तोहि फ्रान्सच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर, चित्रकाराच्या घरापासून फार दूर नव्हे. काम होतें एका चित्राचें. ले ब्रॉकीनें यीट्सचीं छायाचित्रें गोळा केलीं, तीं समोर मांडलीं, आणि तो अडला. कारण त्या छायाचित्रांतला एक यीट्स दुसऱ्या यीट्ससारखा नव्हता! एक स्वप्नाळू तरुण, कपाळावर केंस आलेला. एक चष्म्याआडून पाहणारा करारी नाटकमंडळीचालक. एक पांढऱ्या केसांचा राज्यसभासद. एक थकलेला, पण डोळ्यांत विस्तव असलेला म्हातारा. यांतला खरा कोणता निवडावयाचा?

या यीट्सचा आपल्या वऱ्हाडाशींहि संबंध होता, हें थोड्यांस ठाऊक असेल. बडनेऱ्यास जन्मलेले श्री पुरोहित स्वामी इंग्लंडांत गेले असतां यीट्सची व त्यांची मैत्री जडली. दोघांनीं मिळून दहा उपनिषदांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. स्वामींचे गुरु भगवान श्रीहंस यांनीं कैलास व मानससरोवर यांच्या यात्रेचें जें वर्णन मराठींत लिहिलें होतें, तें स्वामींनीं इंग्रजींत उतरविलें, आणि त्या १९३४ सालच्या पुस्तकास प्रस्तावना आहे ती यीट्सचीच. त्याच यीट्सनें १९१२ सालीं रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’स प्रस्तावना लिहिली होती. तेव्हां आयरिश रंगभूमीचा यीट्स एक, आणि उपनिषदांपुढें बसलेला यीट्स आणखी एक. हाहि चेहरा त्या ढिगांत कोठें तरी होताच.

ले ब्रॉकीनें निवड करण्याचें नाकारलें. एक काढलें, मग दुसरें, मग तिसरें. तेलरंगांत, जलरंगांत, कोळशानें. शंभरांवर यीट्स झाले. १९७६ सालीं त्यांतले शंभर पॅरिसच्या नगरपालिकेच्या आधुनिक कलासंग्रहालयांत एकत्र मांडण्यांत आले. आणि नांव पाहा. ‘यीट्सचें चित्र’ असें तो म्हणत नाहीं. ‘यीट्सच्या प्रतिमेकडे जाणारा अभ्यास’ असें म्हणतो. पुढच्याहि लेखकांच्या मालिकांना त्यानें असेंच नांव दिलें. अभ्यास, आणि तोहि ‘कडे जाणारा’. पोंचल्याची घोषणा त्यानें कोठेंहि केलेली नाहीं.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. पूर्वींच्या युरोपांतला चित्रकार राजाचें किंवा सरदाराचें एकच चित्र काढी आणि तेंच त्याचें कायमचें रूप ठरे. पुढें छायाचित्र आलें. एकाच माणसाचे शेंकडों क्षण कागदावर उतरूं लागले, आणि एकहि दुसऱ्याशीं जुळेना. शिवाय माणसाच्या मनांत एक नव्हे, अनेक थर असतात, हेंहि मानसशास्त्रानें दाखविलें. असें असतां एकाच चित्रांत माणूस बसविण्याचा आग्रह कां धरावा? चेहरा माणसास उघडहि करतो आणि झांकतोहि. म्हणून एका बाजूनें पाहावें, पुन्हां दुसऱ्या बाजूनें पाहावें, आणि प्रत्येक वेळीं थोडेंसें काय हातीं लागतें तें ठेवून द्यावें.

आमच्या शाळेंत बायबल वाचणाऱ्या मुलांना ही कल्पना नवी वाटूं नये. प्रभूचें चरित्र एकच, पण तें सांगणारे चार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. मत्तय वंशावळीनें आरंभ करतो. मार्क घाईनें, थेट यार्देन नदीवरच येऊन पोंचतो. लूक गोठ्यांतलें बाळ व मेंढपाळ दाखवितो. योहान ‘शब्दा’पासून सुरुवात करतो. चौघांचें मिळून एकच पुस्तक करावें असें प्राचीन काळीं कोणाच्या मनांत आलें नाहीं असें नव्हे. दुसऱ्या शतकांत टेशियन नांवाच्या एका विद्वानानें तसा प्रयत्न केलाहि होता. पण मंडळीनें शेवटीं चारी ठेवलीं. आणि योगायोग असा कीं, या चार शुभवर्तमानांची जगांतील एक अतिसुंदर हस्तलिखित प्रत, इ. स. ८०० च्या सुमाराची, ‘केल्सचें पुस्तक’ म्हणून प्रसिद्ध असलेली, डब्लिनच्या त्याच ट्रिनिटी कॉलेजांत आहे जेथें ले ब्रॉकी रसायनशास्त्र शिकला. तिच्या पानांवर एकच वेल, एकच गांठ, एकच पक्षी पुन्हां पुन्हां येतो, आणि दर वेळीं निराळा. आपण एकाच चेहऱ्याकडे वारंवार कां वळतों, याचें मूळ ले ब्रॉकीनें आपल्या देशाच्या या जुन्या संवयींतहि पाहिलें आहे.

चित्र काढण्याची त्याची रीत सांगणें सोपें आहे, करणें अवघड. पुढें बहुधा चौरस, पांढरा चित्रपट. त्यावर खांदे नाहींत, अंगरखा नाहीं, खुर्ची नाहीं, मागें पुस्तकांचें कपाट नाहीं. ओळख पटविणारीं जीं साधनें आपल्या तसबिरींत असतात, तीं सारीं काढून टाकलेलीं. मध्यभागीं कुंचल्याचे तुटक फटकारे: कोठें करडा, कोठें निळा, कोठें एखादा लाल ठिपका. जवळून पाहिलें तर नुसते डाग. चार पावलें मागें सरावें, तों त्या डागांतून एक डोळा आपणांकडे पाहूं लागतो. दुसरा डोळा बहुधा तितका स्पष्ट नसतो. कपाळाची कड कोठें संपते आणि पांढरें कोठें सुरू होतें तें कळत नाहीं. चेहरा अगोदर ठरवून तो तेथें उमटवावयाचा अशी त्याची वृत्ति नव्हती. रंग पडतां पडतां आपोआप काय दिसूं लागतें त्यावर नजर ठेवावयाची, आणि दिसलें कीं तेंच जपावयाचें. जमीन उकरून जुनीं भांडीं शोधणाऱ्या संशोधकाच्या कामाशीं त्यानें आपल्या कामाची तुलना केली आहे.

यीट्सनंतर जेम्स जॉईस. जॉईस डब्लिनचाच, १८८२ चा जन्म. त्यानें तारुण्यांतच तें शहर सोडलें, आणि मग सारें आयुष्य परदेशीं बसून त्याच शहराविषयीं लिहिलें. १९२२ सालच्या त्याच्या ‘युलिसिस’ या प्रचंड कादंबरींत डब्लिनमधला अवघा एक दिवस आहे, ता. १६ जून १९०४ चा. एका दिवसाचें इतकें मोठें पुस्तक करणाऱ्या लेखकाचा चेहरा एका चित्रांत मावत नाहीं, यांत नवल तें काय! डोळ्यांच्या दुखण्यानें तो जन्मभर गांजलेला होता. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक छायाचित्रांत एका डोळ्यावर पट्टी आहे. १९४१ सालीं तो झुरिच येथें वारला, तेव्हां त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा घेण्यांत आला. ले ब्रॉकीपुढें छायाचित्रांबरोबर हा ठसाहि होता. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ठशाइतकें हुबेहूब दुसरें काय असणार? नाकाचा उंचवटा, ओठांची मुरड, सारें मापांत मापास जुळणारें. आणि तरीहि त्यांत जॉईस नाहीं. ज्या क्षणीं तो चेहऱ्यांतून निघून गेला त्या क्षणाचें तें माप आहे. ले ब्रॉकीनें जॉईसचे सुमारें एकशेंवीस अभ्यास केले. आमच्या मतें त्याच्या साऱ्या मालिकांत ही श्रेष्ठ होय. चष्म्याच्या वर्तुळामागें खोल गेलेला डोळा पांढऱ्यांतून वर येतो, तेव्हां आंधळेपणाशीं झगडत लिहिणारा माणूस समोर आल्यासारखा वाटतो.

इतरांविषयीं थोडक्यांत. स्पेनचा कवि लोर्का हा १९३६ सालीं, यादवी युद्धाच्या आरंभींच, मारला गेला. त्याचीं चित्रें काढतांना जिनीव्हाच्या त्या उन्हाळ्याची आठवण चित्रकारास झाली असेल कीं नाहीं, हा तर्क वाचकांनींच करावा. सॅम्युएल बेकेट हा नाटककार मात्र त्याचा प्रत्यक्ष मित्र. १९६९ सालचें नोबेल पारितोषिक यास मिळालें. त्याच्या ‘गोदोची वाट पाहतांना’ या नाटकाच्या १९८८ सालच्या डब्लिनमधील प्रयोगासाठीं नेपथ्य व वेषभूषा ले ब्रॉकीनें केली. बेकेटचा चेहरा म्हणजे सुरकुत्यांचा कडा, आणि तो त्यानें जवळून पाहिलेला. तरीहि त्याच्यासाठीं सुद्धां एक चित्र पुरलें नाहीं. कवि शेमस हीनी याचींहि मुखचित्रें त्यानें काढलीं. शेक्सपिअरचींहि काढलीं! ज्याचें खात्रीचें असें फारसें चित्रच उपलब्ध नाहीं, त्या चेहऱ्याकडे तो कोणत्या वाटेनें गेला असेल, हें पाहण्यासारखें आहे.

या मालिकांवर आक्षेपहि घेतां येतो, आणि तो आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. ज्यांच्या छापील प्रती आम्हीं पाहिल्या, त्यांतलीं कांहीं चित्रें इतकीं फिकट आहेत कीं, खालचें नांव वाचल्यावांचून असामी ओळखूं येत नाहीं. शंभरांतलीं दहा काढून टाकलीं असतीं तर कांहीं बिघडलें नसतें, असेंहि मनांत येतें. रीत एकदां हातीं बसली कीं ती आपोआप चालूं लागते, आणि हा धोका थोरांनाहि चुकत नाहीं. १९६३ सालीं चाळीस चित्रें फाडणारा माणूस पुढें थोडा अधिक दयाळू झाला होता काय? पण मग असेंहि वाटतें कीं, त्यांतलीं फसलेलीं कोणतीं आणि साधलेलीं कोणतीं, हें शंभर एकत्र पाहिल्यावांचून आपल्याला तरी कळलें असतें काय?

आयुष्याच्या अखेरीस तो डब्लिनला परत आला, व तेथेंच ता. २५ एप्रिल २०१२ रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, निवर्तला.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं येथें एक अभ्यास सुचवितों. घरांतलें एक माणूस निवडावें. आजी असेल तर फारच उत्तम, कारण ती एका जागीं बसते. महिनाभर दर रविवारीं आणि बुधवारीं तिच्या चेहऱ्याचें एक चित्र शिसपेन्सिलीनें काढावें. पदर, कुंकू, चष्मा, खुर्ची कांहीं काढूं नये, फक्त चेहरा. पहिलें चित्र सकाळीं चहाच्या वेळीं, दुसरें दुपारीं, एक ती कोणावर रागावली असतां, एक ती झोंपली असतां, आणि एक ती समोर नसतांना, केवळ आठवणीनें. खोडरबर वापरूं नये. चुकलें तर नवा कागद घ्यावा. काढलेलें कोणासहि लगेच दाखवूं नये, विशेषतः आजीला. महिन्याच्या शेवटीं सारे कागद जमिनीवर ओळीनें मांडावेत आणि त्यांतला सर्वांत आजीसारखा कोणता, हें घरांतल्या प्रत्येकास वेगवेगळें बोलावून विचारावें. सगळे एकाच कागदावर बोट ठेवतील असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येक कागदाच्या मागें तारीख आणि वेळ लिहावयास विसरूं नये.